प्रादेशिक योजना की विकास योजना: सायकलची वाट नेमकी कुठे ठरते?

आपल्या रस्त्याला पदपथ किंवा सायकलमार्ग का नाही, याचा शोध घेणारा नागरिक बहुधा प्रथम डीपी, म्हणजे विकास योजना, उघडतो, आणि तो महानगर प्रदेशात राहत असेल तर प्रादेशिक योजनेचा तसाच रंगीत नकाशाही त्याच्या हाती लागतो. दोन्ही योजना महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 या एकाच कायद्याखाली तयार होतात आणि दोन्हींना अंतिम मंजुरी राज्य शासनच देते, त्यामुळे गल्लत होणे साहजिक आहे. त्यात भर म्हणजे मुंबई महानगर प्रदेशासाठी एमएमआरडीए या विकास प्राधिकरणाने 2016-2036 ची प्रादेशिक योजना केली, तर पुण्याच्या पीएमआरडीए या तशाच प्राधिकरणाने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रारूप आराखडा विकास योजनेचा होता.

प्रादेशिक योजनेच्या नकाशावर रस्ता ही बहुधा एक रेघ असते. कोणती शहरे, गावे आणि औद्योगिक वसाहती एकमेकांना जोडायच्या, हे ती मुख्यतः सांगते. विकास योजनेत त्याच रेघेचा पट्टा होतो. भाग नकाशावर 12, 18, 24 मीटर अशी रुंदी लिहिलेली असते, कोणाची किती जमीन त्यात जाते हे कळते आणि ती जमीन टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा मोबदला देऊन ताब्यात घेता येते.

मात्र त्या 18 मीटरपैकी पायी चालणाऱ्याच्या वाट्याला किती, हे डीपीचा नकाशाही सहसा सांगत नाही. ते पुढे रस्त्याच्या प्रत्यक्ष आराखड्यात ठरते. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी, आणि मोकळी म्हणजे झाडाचे आळे, दिव्याचा खांब व विजेची डीपी (नावाचा हा योगायोग गमतीचा आहे) वगळून. अडीच मीटरच्या पदपथावर मीटरभर रुंदीची पेटी बसली की उरतो दीड मीटर, म्हणजे नियमाच्या दृष्टीने तेथे पुरेसा पदपथ उरतच नाही.

पायी चालणे बहुतेक एका शहराच्या आत संपते. सायकल मात्र हद्द ओलांडते. गावातून कारखान्याकडे निघालेल्या कामगाराला महापालिकेची हद्द पाटी न वाचताही कळते, कारण तेथे सायकलमार्ग संपून मुरमाची साइडपट्टी सुरू होते. हद्दीपलीकडे काय असावे, हे त्या महापालिकेची विकास योजना ठरवू शकत नाही. नदीवरचा पूल, रेल्वे ओलांडण्याची जागा, कालव्याकाठचा रस्ता यांचा सलग विचार प्रादेशिक योजनेतच होऊ शकतो. अधिनियमाचे कलम 14 या योजनेच्या विषयांत रस्ते, महामार्ग, रेल्वे, जलमार्ग, कालवे आणि विमानतळ यांची नावे घेते; सायकलमार्गाचे घेत नाही. पण ती यादी उदाहरणादाखल आहे, त्यामुळे आडकाठी कायद्याची नाही.

म्हणूनच हद्दीवर तुटणाऱ्या सायकलमार्गाची हरकत प्रादेशिक योजनेच्या प्रारूपावर नोंदवावी, रस्त्याची रुंदी किंवा जमीन कमी पडत असेल तर विकास योजनेवर. पदपथ अडवणाऱ्या पेटीचा अर्ज मात्र थेट रस्ता बांधणाऱ्या विभागाकडेच द्यावा लागतो.