रक्तदात्याचा फॉर्म आणि रक्तदात्यांची पाहणी: प्रश्न तेच, विचारणं वेगळं

शिबिरात खाटेवर आडवं होण्याआधी भरायचा फॉर्म सगळ्यांच्या ओळखीचा आहे. वजन किती, मागच्या रक्तदानाला पुरुषाचे 90 आणि बाईचे 120 दिवस उलटलेत का, वर्षभरात टॅटू काढला का, मलेरिया झाला होता का, जोखमीचे लैंगिक संबंध आले का. खाली सही. पुढे या फॉर्मवर एक नंबर चिकटतो. तोच नंबर पिशवीवर आणि तपासणीच्या नळ्यांवरही असतो. म्हणजे तुमचं ‘हो’ किंवा ‘नाही’ एका ठरावीक पिशवीशी बांधलं गेलं.

दुसरा कागद आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नसतो. रक्त देऊन झाल्यावर, कधी काही आठवड्यांनी, दात्यांना पुन्हा बरेचसे तेच प्रश्न विचारतात, पण नाव न घेता. ही पाहणी. ‘अहो, हे तर तेव्हाच लिहून दिलं की!’ असं कुणी म्हणालं तर त्याची चूक नाही, कारण दोन्हीकडे प्रश्न सारखेच दिसतात. फरक असा, की फॉर्म विचारतो, ‘आज तुमचं रक्त घ्यावं का?’ आणि पाहणी विचारते, ‘त्या दिवशी फॉर्मवर खरं लिहिलंत का?’

आता फॉर्म भरला कसा जातो ते बघा. मांडव, स्पीकर चालू, रांगेत पुढच्याच्या पाठीवर कागद ठेवून लिहिणं चाललेलं. मागे मित्र डोकावतोय, शेजारी ऑफिसातले साहेब. मी एका शिबिरात असंही पाहिलंय, की कार्यकर्त्याने वेळ वाचवायला ‘नाही’च्या रकान्यात आधीच टिका करून ठेवल्या होत्या, दात्याने फक्त सही ठोकायची. तिथे लैंगिक संबंधांच्या प्रश्नाला कोण ‘हो’ म्हणणार? बरं, सगळे खोटंच बोलतात असंही नाही. कुणाला प्रश्नच कळलेला नसतो, कुणाला वाटतं ‘आपल्याला कुठे लागू पडतो’, आणि कुणी एचआयव्हीची तपासणी फुकटात होईल म्हणून आलेला असतो. हा शेवटचा सगळ्यात काळजीचा. संसर्ग अगदी ताजा असेल तर तपासणीत तो सापडत नाही; त्या विंडो पीरियडमध्ये दात्याच्या खऱ्या उत्तराशिवाय दुसरा पहारेकरी नसतो.

म्हणून ‘आम्ही इतक्या जणांना फॉर्मवरून बाद केलं’ हा आकडा नियम पाळले जातात याचा पुरावा होत नाही. त्यात फक्त कबूल करणारे मोजले जातात. लपवणारा फॉर्मवर प्रामाणिक माणसासारखाच दिसतो. त्याला मोजायचं तर ज्या उत्तराने कुणाचंच काही बिघडणार नाही असं उत्तर मागावं लागतं.

ऑस्ट्रेलियात हे नीट दिसतं. तिथल्या फॉर्मवर खोटं लिहिलं तर दंड, अगदी कैदही होऊ शकते, आणि दाता साक्षीदारासमोर सही करतो. तरीही तिथे वेगळी अनामिक पाहणी घ्यावी लागली. तेव्हा तिथे पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला शेवटच्या संबंधानंतर 12 महिने रक्त देता येत नसे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत 14,476 पुरुष दात्यांपैकी 34 जणांनी, म्हणजे 0.23 टक्क्यांनी, हा नियम मोडल्याचं कळवलं. हे 34 जण फॉर्मच्या चाळणीतून पार झालेले, सही केलेले दाते होते. जानेवारी 2021 मध्ये ही मुदत तीन महिन्यांवर आली. पाळणारे किती हे माहीत असल्याशिवाय नियम सैल करायचा की आवळायचा, हा वाद अंदाजावरच चालतो. भारतात 2017 च्या राष्ट्रीय निकषांनी अशा पुरुषांना आणि तृतीयपंथीयांना कायमचं वगळलं, आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

पाहणीही काही धुतल्या तांदळासारखी नसते. फॉर्मवर लपवणारा पाहणीला उत्तरच न देण्याची शक्यता जास्त, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी येण्याची भीती कायम. नियम वाचून घरूनच न आलेला माणूसही त्यात नसतो. खरं तर सगळ्यात चोख नियम पाळणारा तोच. आणि पाहणीतून एखादी धोक्याची पिशवी थांबत नाही, ती कुणाला चढवली तेही कळत नाही. ते काम फॉर्मचं.

आमच्या ओळखीतल्या एका मंडळाने शिबिरानंतर अशी पाहणी हौसेने घेतली. प्रश्न चांगले होते. फक्त सगळ्यात वर नाव आणि मोबाइल नंबर भरणं सक्तीचं, का तर आभाराचा मेसेज पाठवायचा होता. उत्तरं अर्थातच एकजात निष्कलंक आली.