कॅन्सस १९३० : नाव नेमके कसे लिहायचे, यावर ठरलेला गव्हर्नर

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात नोव्हेंबर १९३० मध्ये झालेली गव्हर्नरपदाची निवडणूक अवघ्या २५१ मतांनी निकाली निघाली. डेमोक्रॅटिक उमेदवाराला २,१७,१७१ मते पडली, रिपब्लिकन उमेदवाराला २,१६,९२०. वाद मात्र या फरकाचा नव्हता. मतपत्रिकेवर ज्याचे नाव छापलेलेच नव्हते, अशा तिसऱ्या उमेदवाराची १,८३,२७८ मते ग्राह्य धरली गेली होती, आणि त्याखेरीज त्याची किती मते बाद केली गेली, हा खरा वादाचा मुद्दा होता.

हा उमेदवार, डॉक्टर जे. आर. ब्रिंक्ली, मिलफर्ड या छोट्या गावात दवाखाना चालवत असे. पौरुष परत मिळवून देतो असे सांगून तो रुग्णांच्या शरीरात बोकडाच्या ग्रंथी बसवी, आणि श्रोत्यांची पत्रे स्वतःच्या रेडिओ केंद्रावरून वाचून, रोग्याला न पाहताच औषधे सुचवी. १९३० मध्ये केंद्राच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारले गेले, सप्टेंबरमध्ये वैद्यकीचा परवानाही रद्द झाला. अपिलामुळे रेडिओ तेवढा सुरू राहिला. मग त्याने थेट गव्हर्नरपदासाठीच उभे राहण्याचे ठरवले. पण तोवर मतपत्रिकेवर नाव छापून घेण्याची मुदत उलटली होती.

उरला मार्ग ‘राइट-इन’चा, म्हणजे मतदाराने मतपत्रिकेवरच्या रिकाम्या जागेत उमेदवाराचे नाव स्वतःच्या हाताने लिहिण्याचा. यात मत म्हणजे लिहिलेली अक्षरे की मतदाराचा हेतू, हा प्रश्न मुळातच गुंतागुंतीचा आहे. मतदानाला तीनच दिवस उरले असताना राज्याच्या सर्वोच्च कायदा अधिकाऱ्याने त्याचे उत्तर जाहीर केले: ‘जे. आर. ब्रिंक्ली’ असेच लिहिलेले मत धरले जाईल, अन्य कोणत्याही रूपातले नाही. ज्या माणसाला सारे राज्य ‘डॉक्टर’ म्हणून ओळखत होते, त्याच्या आडनावाआधी शेतकऱ्याने ‘डॉ.’ लिहिले तर ते मत बाद. बाद मतांचे अंदाज दहा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत जातात. त्याचे उपचार ही उघड फसवणूक होती आणि परवाना काढून घेणे योग्यच होते, याबद्दल शंका नाही. परंतु त्याची शिक्षा मतदाराच्या मताला देणे हा अन्याय होता, आणि ऐन वेळी बदललेल्या नियमामुळे तो अधिकच गडद झाला.

इतक्या निसटत्या पराभवानंतरही रिपब्लिकन पक्षाने फेरमोजणीचा आग्रह धरला नाही. पेट्या पुन्हा उघडल्या तर तिसराच उमेदवार पुढे निघेल, ही भीती त्यामागे होती, असे पुढे अनेकांनी लिहिले आहे.

१९३२ मध्ये ब्रिंक्लीचे नाव अपक्ष म्हणून रीतसर छापले गेले आणि त्याला २,४४,६०७ मते मिळाली, तरी तो तिसराच आला. त्या वेळी निवडून आलेला रिपब्लिकन गव्हर्नर १९३६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार झाला व दोनच राज्ये जिंकू शकला. १९३० चा विजेताही १९३६ मध्येच देशाचा युद्धमंत्री झाला. डॉक्टरने दरम्यान टेक्सासच्या सीमेपलीकडे, मेक्सिकोत प्रचंड शक्तीचे नवे रेडिओ केंद्र उभारले होते. १९४२ मध्ये तो दिवाळखोरीत मरण पावला.