वाइझे, डीट्रिख

वाइझे, डीट्रिख : (२१ नोव्हेंबर १९३४ – २० डिसेंबर २०२०). जर्मन फुटबॉल प्रशिक्षक. पश्चिम जर्मनीच्या युवा संघांचे १९७८ ते १९८३ या काळातील प्रशिक्षक. जर्मन फुटबॉल महासंघाच्या गुणवत्ता-शोध योजनेच्या प्रमुख रचनाकारांत त्यांची गणना होते. क्लब फुटबॉलच्या इतिहासात मात्र त्यांचे नाव आइनट्राख्ट फ्रांकफुर्टच्या दोन जर्मन चषकांमुळे येते.

जन्म थुरिंजियातील (नंतरच्या पूर्व जर्मनीतील) एर्फुर्टजवळच्या ग्रोसम्योल्सेन या खेड्यात. खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द हौशी पातळीवरचीच राहिली. प्रशिक्षकपदाची सुरुवातही पश्चिम जर्मनीतील हाइलब्रॉन–नेकार्सउल्म परिसरातल्या अशाच क्लबांत झाली. ‘हौशी’ या शब्दाबाबत येथे थोडी सावधगिरी हवी. हौशी नाट्यसंघ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या मनात जो फावल्या वेळातील छंद उभा राहतो, तो येथे अभिप्रेत नाही. पूर्व जर्मनीत व्यावसायिक खेळाडू हा वर्गच अधिकृतपणे मान्य नव्हता. खेळाडू एखाद्या कारखान्याच्या किंवा खात्याच्या क्रीडामंडळाचा, पगार त्या कामाचा, अशी तेथील व्यवस्था होती. पश्चिमेत दुसऱ्या महायुद्धानंतर ‘करारबद्ध खेळाडू’ ही मधली पायरी निघाली. तिच्यात मासिक मोबदल्याला सुरुवातीला ३२० मार्कांची मर्यादा होती, आणि खेळाडूने दुसरा व्यवसायही करावा अशी अपेक्षा असे. १९५४ चा विश्वचषक जिंकणारे जर्मन खेळाडू या अर्थाने पूर्ण व्यावसायिक नव्हतेच. १९६३ मध्ये बुंडेसलिगा (देशाची सर्वोच्च श्रेणीची लीग) सुरू झाली तेव्हा ‘परवानाधारक खेळाडू’ हा तिसरा वर्ग आला. खालच्या श्रेणीतील अनेक प्रादेशिक स्पर्धांना पुढेही ‘हौशी लीग’ असेच अधिकृत नाव होते. वाइझे यांना हौशी खेळाडू म्हणतात ते या शेवटच्या, श्रेणीवाचक अर्थाने. नामवंत खेळाडूला निवृत्तीनंतर प्रशिक्षकपद सहज मिळण्याच्या त्या काळात, नाव नसलेल्या माणसाला प्रशिक्षणाच्या बळावरच वर यावे लागे.

कैझर्सलाउटर्न क्लबात ते १९७१ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले. १९७२ च्या जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाला शाल्केकडून ०–५ अशी हार पत्करावी लागली. १९७३ मध्ये ते फ्रांकफुर्टला आले. ग्राबोव्स्की व ह्योल्झेनबाइन हे १९७४ चे विश्वविजेते त्यांच्या संघात होते. १९७४ मध्ये हँबर्गचा जादा वेळेत ३–१ असा आणि १९७५ मध्ये ड्यूसबुर्गचा १–० असा पराभव करून आइनट्राख्टने लागोपाठ दोन चषक जिंकले. १९७८ मध्ये फोर्टुना ड्यूसेलडॉर्फचे प्रशिक्षक म्हणून ते पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचले. या वेळी कोलोनने ०–२ असे हरवले.

त्याच वर्षी ते महासंघात युवा संघांसाठी रुजू झाले. बुंडेसलिगा सोडून मुलांना शिकवायला जाणे तेव्हा बढती मानली जात नसे. १९८१ हे या पर्वातील निर्णायक वर्ष. मायदेशी झालेल्या १८ वर्षांखालील युरोपीय स्पर्धेत त्यांच्या संघाने अंतिम सामन्यात पोलंडला १–० असे हरवले. ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियातील जागतिक युवा स्पर्धेत गटातच इजिप्तकडून हार झाली. त्यानंतर यजमान ऑस्ट्रेलिया व रुमेनिया यांना प्रत्येकी १–० असे नमवून संघ अंतिम फेरीत पोहोचला. तेथे समोर कतार होता. त्याने ब्राझील आणि इंग्लंड यांना घरी पाठवले होते, त्यामुळे हा प्रतिस्पर्धी वाटतो तितका किरकोळ नव्हता. १८ ऑक्टोबरला सिडनी क्रिकेट ग्राउंडवर (होय, क्रिकेटच्याच मैदानावर) पश्चिम जर्मनी ४–० अशी विजयी झाली.

या संघातील रोलांड व्होलफार्ट पुढे बायर्नकडून खेळताना दोनदा बुंडेसलिगातील सर्वाधिक गोल करणारा ठरला. मिखाएल त्सोर्क डॉर्टमुंडचा आधारस्तंभ झाला. गोलरक्षक रूडिगर फोलबोर्न लेव्हरकूझेनसाठी चारशेहून अधिक लीग सामने खेळला. राष्ट्रीय वरिष्ठ संघात मात्र त्सोर्कला ७ आणि व्होलफार्टला २ सामने मिळाले, फोलबोर्नला एकही नाही. युवा विजेतेपदाचे वरिष्ठ संघात रूपांतर होतेच असे नाही, ही बाब काही लेखक वाइझे यांच्या कामाची मर्यादा म्हणून सांगतात. परंतु वरिष्ठ संघाची निवड त्यांच्या हाती नव्हती, आणि त्या पिढीपुढे १९८२ व १९८६ चे उपविजेते उभे होते. त्यामुळे हा आक्षेप फारसा टिकत नाही.

१९८३ मध्ये ते फ्रांकफुर्टला परतले. आर्थिक ओढाताणीमुळे तरुण खेळाडूंवरच भिस्त ठेवणाऱ्या या संघाला त्यांनी १९८४ मध्ये ड्यूसबुर्गविरुद्धच्या पात्रता सामन्यांतून (५–० व १–१) पदावनतीपासून (खालच्या श्रेणीत जाण्यापासून) वाचवले. १९९० चा विश्वविजेता टोमास बेर्टोल्ड हा याच तरुण फळीतला. पुढे त्यांनी इजिप्तमध्ये अल-अहली क्लब आणि १९९०-९१ च्या सुमारास राष्ट्रीय संघ सांभाळला. १९९० च्या दशकाच्या मध्यास ते लिख्टेनश्टाइनचे प्रशिक्षक होते. सुमारे तीस हजार वस्तीच्या या देशाने ३ जून १९९५ रोजी एशेन येथे जॅक चार्ल्टन यांच्या आयर्लंडला ०–० असे रोखले. युरो १९९६ (युरोपीय राष्ट्रांची फुटबॉल स्पर्धा) च्या पात्रता फेरीतील त्यांचा तो एकमेव गुण.

गुणवत्ता-शोध योजना : जर्मन फुटबॉलच्या पुनर्बांधणीचे मूळ कशात, यावर मतभेद आहेत. प्रचलित समजूत अशी की, युरो २००० मध्ये एका गुणासह गटात तळाला राहिल्यावर महासंघ जागा झाला. दुसऱ्या मतानुसार बीज त्याआधीचे आहे. राष्ट्रीय प्रशिक्षक बेर्टी फोग्ट्स यांनी १९७९ पासून महासंघात युवा खेळाडूंबरोबर काम केले होते आणि वाइझे त्यांचे तेव्हाचे सहकारी. १९९६ नंतर फोग्ट्स यांनीच वाइझे यांच्याकडे आराखड्याचे काम सोपवले. महासंघातील तरुण सहकारी उल्फ शॉट यांच्यासह वाइझे देशभर फिरले. क्लब आपापल्या परीने मुले निवडत. मोठ्या क्लबापासून दूर राहणारा मुलगा कोणाच्याच नजरेस पडत नसे, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष. उपाय म्हणून त्यांनी प्रादेशिक आधारकेंद्रे सुचवली. मुलाने आपला क्लब सोडायचा नाही, फक्त आठवड्यातून एकदा केंद्रावर महासंघाच्या प्रशिक्षकाकडे जादा सराव करायचा, अशी ही कल्पना. खर्चाच्या कारणाने आराखडा आधी रेंगाळला. १९९८ च्या विश्वचषकात क्रोएशियाकडून ०–३ अशी हार झाल्यावर, एगीडियस ब्राउन अध्यक्ष असताना, १२१ केंद्रांना मान्यता मिळाली.

कालक्रम पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि पहिले अगदीच निराधार नाही. योजनेचा मोठा विस्तार २००२ च्या सुमारास झाला आणि केंद्रांची संख्या पुढे ३६६ वर स्थिरावली. पहिल्या श्रेणीच्या क्लबांना युवा अकादमीची परवाना-अट लागू झाली तीही युरो २००० नंतरच. ही अट आणि आधारकेंद्रे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोकप्रिय लेखनात त्यांची सरमिसळ होते, आणि वाइझे यांच्या नावावर कधी दोन्हींचे श्रेय जाते, कधी एकाचेही नाही. २००९ मध्ये २१ वर्षांखालील युरोपीय स्पर्धा जिंकणाऱ्या संघातील सहा जण (नॉयर, हुमेल्स, बोआटेंग, ह्योवेडेस, खेदिरा, ओझिल) २०१४ च्या विश्वविजेत्या संघात होते. मात्र त्यांच्यापैकी कोणाच्या घडणीत केंद्राचा वाटा किती आणि क्लबच्या अकादमीचा किती, हे वेगळे काढता येत नाही.

केंद्रांवर प्रामुख्याने ११ ते १४ वयोगटातील मुलामुलींना शिकवले जाते. चेंडूवरील ताबा आणि एकास एक झुंज यांवर भर असतो. सराव सहसा सोमवारी होतो; शनिवार-रविवार क्लबच्या सामन्यांसाठी मोकळे राहतात.