घरपट्टी भरणारा मतदार ते घरपट्टी न थकवणारा उमेदवार

रत्नागिरी, चिपळूण, मालवण, अलिबाग. या गावांतून नगरपरिषदेची निवडणूक लागली की पहिली धावपळ प्रचाराची नसते, ती दाखल्यांची असते. अर्जाला एवढी कागदपत्रं का लागतात, याचं उत्तर पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात आहे.

1850 च्या कायद्याने गावकऱ्यांनी मागणी केल्यास नगरपालिका स्थापन करण्याची सोय झाली. कारभार मात्र सरकारी अधिकारी आणि सरकारने नेमलेले प्रतिष्ठित यांच्याच हाती राहिला. व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या स्थानिक स्वराज्याविषयीच्या 1882 च्या ठरावानंतर, 1884 च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्याने निम्मे सभासद निवडून देण्याचं तत्त्व आणलं. मत कोणाला, तर ठरावीक कर भरणाऱ्याला किंवा तेवढी मिळकत असणाऱ्याला. बंदरातला व्यापारी, वकील, खोत यांना ते मिळालं. हमाल, खलाशी, कुळं बाहेरच राहिली. सरसकट प्रौढ मताधिकार स्वातंत्र्यानंतर आला.

नगरपरिषदांसाठी राज्यभर एकच कायदा 1965 मध्ये झाला आणि तोच, असंख्य ठिगळं लावून, आजही चालतो. मोठा बदल नगरपालिकांना घटनात्मक दर्जा देणाऱ्या 74 व्या घटनादुरुस्तीचा, ती 1 जून 1993 ला लागू झाली. त्यानुसार 1994 मध्ये राज्य निवडणूक आयोग आला. या निवडणुका हाच आयोग घेतो, दिल्लीचा नव्हे. 2011 मध्ये एकूण जागांपैकी निम्म्या जागा महिलांसाठी राखीव झाल्या.

नगराध्यक्षाचं तर सुरुवातीपासूनच तळ्यात-मळ्यात आहे. 1974 ला थेट जनतेतून, मग नगरसेवकांमधून, 2001 ला परत थेट, 2006 ला रद्द, 2016 ला पुन्हा थेट, 2020 ला रद्द, 2022 ला पुन्हा थेट. सरकार बदललं की पद्धत बदलते, तत्त्वबित्त्व नंतर शोधलं जातं. थेट निवडीत अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं, असं झालं की सभेत विषय अडतात. मग 1965 च्या कायद्याच्या कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे ठरावांना स्थगिती मागायची वारी सुरू होते.

आता उमेदवाराकडे वळू. वय 21 पूर्ण आणि नाव त्याच शहराच्या मतदार यादीत हवं. प्रभाग दुसरा असला तरी चालतो. ही यादी आयोग नव्याने करत नाही, विधानसभेची यादी प्रभागवार फोडतो. त्यामुळे नाव मुंबईच्या यादीत ठेवून गणपतीला गावी येणारा चाकरमानी, गावात घर असलं तरी, उभा राहू शकत नाही. निवडणूक जाहीर झाल्यावर नाव हलवायला गेलं तर बहुधा उशीर झालेला असतो, कारण यादी कोणत्या तारखेची धरायची ते आयोगाने आधीच ठरवलेलं असतं.

छाननीत खरी मारामारी थकबाकीवर होते. बिल हाती येऊनही घरपट्टी थकली असेल तर अपात्रता येते. कोकणातली घरं सामायिक, बिल अजून आजोबांच्या नावावर, हिस्सेदार पाच. विरोधक नेमका तोच कागद काढतो. म्हणून अर्जाआधी सगळ्या मिळकतींचा भरणा करून दाखला घेतलेला बरा. एकेकाळी कर भरला म्हणून मत मिळे; आता मत सर्वांना, पण उमेदवारीच्या दारात करच उभा आहे.

पुढची अट अपत्यांची: 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं असेल तर उमेदवारी नाही. दुसऱ्या बाळंतपणात जुळी झाली तर ते एकच अपत्य धरतात. नगरपरिषदेच्या ठेक्यात हितसंबंध असलेलाही बाद.

निवडून आल्यावरही सुटका नाही. स्वतःचं, जोडीदाराचं किंवा अवलंबितांचं बेकायदा बांधकाम निघालं तर कलम 44 खाली पद जातं. राखीव जागेवरून आलेल्याने जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तरी तेच. ही मुदत बंधनकारक असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं. पडताळणी समितीकडे प्रकरणं रखडतात, म्हणून अर्ज निवडणुकीच्या कितीतरी आधी टाकावा. निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा असतो. हे पडलेले उमेदवार हमखास विसरतात आणि पुढच्या वेळी अपात्रांच्या यादीत स्वतःचं नाव वाचतात.