शालीपेक्षा तालीम बरी

1 ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, शाळेच्या सभागृहात काय चालते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पहिल्या रांगेत शाल पांघरलेले, हाती श्रीफळ घेतलेले आजी-आजोबा. एक विद्यार्थिनी पाठ केलेले भाषण म्हणते, पाहुणे उपदेश करतात, मागच्या रांगेतली मुले चुळबुळतात. हेतू चांगलाच असतो. पण वयाविषयीचे पूर्वग्रह घालवायला या कार्यक्रमाचा फारसा उपयोग होत असेल, असे मला वाटत नाही.

हा पूर्वग्रह किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अहवालानुसार जगातल्या दर दोन माणसांपैकी एकाच्या मनात वृद्धांविषयी तो असतो. येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांनी 2002 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ओहायोतल्या एका गावातील पन्नाशीपुढच्या 660 लोकांची माहिती त्यांनी तपासली. स्वतःच्या म्हातारपणाकडे चांगल्या नजरेने पाहणारे इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे जास्त जगले होते. आरोग्य, आर्थिक स्थिती, एकटेपणा यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही फरक उरला. लेव्हींचे म्हणणे असे, की ‘म्हातारे म्हणजे विसराळू, निरुपयोगी’ हे आपण लहानपणीच ऐकून ठेवतो आणि साठी आली की तेच स्वतःला लावून घेतो. म्हणजे दहावीतल्या मुलाचे मत बदलणे हे आजोबांपेक्षा त्याच्याच पुढच्या आयुष्यासाठी महत्त्वाचे. गोव्यात तर हा विषय टाळताच येणार नाही. 2011 च्या जनगणनेत इथले 11.2 टक्के लोक साठी ओलांडलेले होते. देशाची सरासरी 8.6 होती आणि आपल्या पुढे फक्त केरळ.

मग मत बदलते कशाने? गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये यावर नेमके बोट ठेवले. माणसे नुसती जवळ आणून भागत नाही. त्या वेळेपुरता तरी दोघांचा दर्जा सारखा हवा, उद्दिष्ट एक हवे, एकमेकांवाचून काम अडायला हवे आणि ज्यांचा शब्द चालतो त्यांचे पाठबळ हवे. पुढे पेटिग्र्यू आणि ट्रॉप यांनी 515 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा संपर्काने पूर्वग्रह बहुधा कमी होतो आणि या अटी पाळल्या तर अधिक कमी होतो, असे दिसले. विशेष म्हणजे, समोरच्याविषयी माहिती वाढण्यापेक्षा त्याच्याशी बोलण्याची धास्ती कमी होणे आणि त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहता येणे, यांचा वाटा मोठा होता. एका घरात राहूनही नातू-आजोबा अनोळखी कसे राहतात, याचा उलगडा इथे होतो. ‘जेवलास?’ ‘हो.’ ‘परीक्षा कधी?’ ‘पुढच्या महिन्यात.’ याला संपर्क म्हणत नाहीत.

आता जत्रेच्या नाटकाची तालीम डोळ्यांसमोर आणा. पेडण्यापासून काणकोणापर्यंत गावोगावी देवळाच्या मांडवात गावकरीच मराठी नाटक उभे करतात. दरबारातला वृद्ध सरदार खरोखरच सत्तरीचा असतो आणि शिपाई अकरावीतला. सरदाराचे वाक्य पडले नाही तर शिपायाला एन्ट्री मिळत नाही आणि शिपाई उशिरा आला की सरदाराचे स्वगत फुकट जाते. दिग्दर्शक दोघांनाही सारखाच ओरडतो. इथे मान द्यायला कुणाला सवडच नसते, आणि खरी गोम तीच आहे. ऑलपोर्टच्या चारही अटी गावाने न वाचताच पाळल्या आहेत. गणेशचतुर्थीला घुमट या मातीच्या तालवाद्याच्या साथीने होणाऱ्या आरतीतही तेच. तालीम संपल्यावर चहा येतो आणि खऱ्या गप्पा सुरू होतात.

या गप्पांत आजोबा पुन्हा पुन्हा तरुणपणावरच का येतात? त्याला कारण आहे. उतारवयात मागचे आठवायला सांगितले की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर काळापेक्षा जास्त येतात. पहिल्यांदा घडलेल्या कितीतरी गोष्टी त्याच काळातल्या असतात आणि ‘मी कोण’ हेही तेव्हाच ठरत असते. म्हणजे आजोबांची स्मृती जिथे सगळ्यात दाट, नेमक्या त्याच वयात समोरचा मुलगा आज आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, यावर झालेला 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल घ्या. विलीनीकरणासाठी फूल, विरोधात दोन पाने, आणि विलीनीकरण 34,021 मतांनी हरले. हे पाठ्यपुस्तकात सापडेल. पण मतदानाचे वय तेव्हा 21 होते. तुमच्या आजीला वाद कळत होता, मत मात्र देता येत नव्हते. तेव्हा घरात कोण कोणाशी बोलायचे बंद झाले होते, हे तिला विचारा. सोळाव्या वर्षी आपले कोणी ऐकत नाही ही तक्रार तिला समजावून सांगावी लागणार नाही.

एक अडथळा मात्र कानाचा आहे. वयानुसार उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. त्यामुळे स, श, फ अशी व्यंजने निसटतात आणि स्वर तेवढे पोचतात. भरभर बोलणाऱ्या मुलाचे वाक्य अर्धेच कळते, आजी गप्प राहते आणि मुलगा समजतो, हिला आता समजत नाही. ओरडून उपयोग नाही. पंखा आणि टीव्ही बंद करावा, समोर बसावे, थोडे सावकाश बोलावे. लाडे-लाडे, बाळाशी बोलावे तसे मात्र नको. म्हाताऱ्यांना ते लगेच कळते. नाव पटकन न आठवणे वयाबरोबर वाढते हे खरे, पण शब्दसंग्रह साठीतही वाढत असतो. थोडा वेळ द्या, नाव येते.

आणि आजोबांनाही अट आहेच. ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारे प्रत्येक वाक्य मोबाईलवर येऊन आपटत असेल, तर समान दर्जा संपला. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच अहवालातली एक नोंद ज्येष्ठांनी वाचण्यासारखी आहे: युरोपात वयावरून भेदभाव झाल्याचे सर्वाधिक तरुणांनी सांगितले, वृद्धांनी नव्हे. तेव्हा पुढच्या तालमीत आजोबांनी एखादा प्रश्न विचारावा आणि उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नये.