उपचाराच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा

मनोविश्लेषण (मनातलं दडलेलं शोधणारी फ्रॉइड यांची पद्धत) चांगलं की सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी पद्धत), असा प्रश्न आज समुपदेशनाला जाणारा कुणीही विचारतो. पण विसावं शतक निम्मं उलटेपर्यंत त्याला उत्तर देण्याची सोयच नव्हती. खोलीत काय घडलं, हे फक्त उपचार करणारा सांगे आणि बाकीच्यांनी त्यावर विश्वास ठेवायचा.

सुरुवात व्हिएन्नाची. डॉ. जोसेफ ब्रॉयर १८८० ते १८८२ या काळात बर्था पापेनहाइम या तरुणीवर उपचार करत होते. हात लुळा पडलेला, मातृभाषा जर्मन बोलता येईना. मनात साचलेलं बोलून टाकलं की लक्षण ओसरतं, असं ब्रॉयरना दिसलं. या उपायाला ‘टॉकिंग क्युअर’ हे नाव दिलं ते तिनंच. ब्रॉयर आणि मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्या १८९५ च्या पुस्तकात ‘आना ओ.’ या नावानं ती भेटते, अखेर पूर्ण बरी झालेली. प्रत्यक्षात १८८२ मध्येच तिला स्वित्झर्लंडमधल्या क्रॉयझलिंगेनच्या सॅनटोरियममध्ये ठेवावं लागलं होतं. तिथले कागद इतिहासकार हेन्री एलेनबर्गर यांनी १९७२ मध्ये उजेडात आणले. एवढ्यावरून अख्खं मनोविश्लेषण मोडीत काढता येणार नाही. पण एका डॉक्टरच्या शब्दावर किती डोलारा उभा राहू शकतो, हे मात्र कळतं.

हे दार उघडण्यात मोठा वाटा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचा, आणि त्याचं श्रेय त्यांना पुरेसं मिळत नाही. सल्ला देऊ नका, अर्थ लावू नका, समानुभूतीनं ऐका, ही त्यांची भूमिका सर्वांना ठाऊक असते. पण ओहायो स्टेट विद्यापीठात त्यांनी मुलाखती ध्वनिमुद्रित करायला घेतल्या आणि १९४२ च्या पुस्तकात एका क्लायंटच्या आठही बैठका शब्दशः छापल्या. समुपदेशक कुठे चुकला, कुठे घाई केली, ते आता कुणालाही वाचता येत होतं.

मग १९५२ मध्ये मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी बॉम्बच टाकला. मनोविश्लेषण घेतलेल्यांपैकी ४४ टक्के सुधारले आणि फक्त फॅमिली डॉक्टरकडे किंवा इस्पितळात देखरेखीखाली राहिलेल्यांपैकी ७२ टक्के, असा त्यांचा हिशेब. उपचार अर्धवट सोडणाऱ्यांना त्यांनी अपयशात धरलं होतं, त्यामुळे तो हिशेब एकांगीच होता. तरी त्यानंतर आकडे न मागता पुढे जाणं कठीण झालं. थेट वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या वर्तनोपचारवाल्यांना ते सोयीचंच होतं, कारण भीती किती कमी झाली हे त्यांना मोजता येई.

अल्बर्ट एलिस आणि ॲरन बेक हे दोघंही मनोविश्लेषणात शिकून बाहेर पडलेले. एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली: प्रसंग नव्हे, प्रसंगाबद्दलची आपली हटवादी धारणा त्रास देते. कि. मो. फडके यांचा एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार होता. त्यांच्यामुळे ही पद्धत मराठीत रुजली. नैराश्यावर काम करणाऱ्या बेक यांनी सीबीटीचा पाया ठरलेली आपली पद्धत इतकी पायरीपायरीनं लिहून काढली की दुसऱ्या कुणालाही ती तशीच वापरून तपासता यावी. सीबीटीवर एवढं संशोधन झालं याचं एक मोठं कारण हेच.

१९६५ मध्ये तर थेट तुलनाच पडद्यावर आली. ग्लोरिया नावाची घटस्फोटित आई एकापाठोपाठ रॉजर्स, गेस्टाल्ट उपचारपद्धतीचे फ्रिट्झ पर्ल्स आणि एलिस यांच्यासमोर बसते. आपल्या खासगी नात्यांबद्दल मुलीला खरं सांगावं का, ही तिची अडचण. रॉजर्स उत्तर द्यायचं नाकारतात, तिच्या घालमेलीपाशी थांबतात. पर्ल्स तिला ढोंगी म्हणून डिवचतात. एलिस तिच्या विचारांतली गफलत भराभर उलगडतात. ते स्वतःच जास्त बोलतात, हे खटकतंच. एकच माणूस, तीन अगदी वेगळी संभाषणं.

१९७७ मध्ये मेरी स्मिथ आणि जीन ग्लास या संशोधकांनी सुमारे ३७५ अभ्यास एकत्र तोलले. उपचार घेतलेली सरासरी व्यक्ती न घेतलेल्या ७५ टक्क्यांहून बरी निघाली. पद्धतींमधला फरक मात्र किरकोळ. नातं जुळणं हेच खरं औषध, असं तेव्हापासून अनेकजण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. दिवसभर हात धूत राहणाऱ्या ओसीडीच्या (त्याच त्या विचार-कृतींच्या सक्तीच्या आजाराच्या) रुग्णाला नुसता चांगला श्रोता पुरत नाही. ज्याची धास्ती वाटते त्याला हात लावायचा आणि नंतर हात धुवायचे नाहीत, ही व्हिक्टर मायर यांनी १९६६ मध्ये मांडलेली वाट तिथे लागते. अर्थात, ज्याच्यावर भरवसा नाही अशा माणसाच्या सांगण्यावरून कुणी असा हात लावायला धजत नाही.