हॉर्नपाइपचा झोका कागदावर मोजू नका

हॉर्नपाइप ही एक आयरिश नृत्यधून. तिच्या स्वरलिपीत स्वरांच्या जोड्या पुष्कळदा टिंब देऊन लिहितात: पहिला स्वर तीन भाग, दुसरा एक. म्हणून हॉर्नपाइप काटेकोर 3:1 वाजवायचा, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे. तसं वाजवलं की धून लष्करी संचलनासारखी ताठ होते.

प्रत्यक्षात या झोक्याचं, म्हणजे लांब-आखूड स्वरांच्या डौलाचं, प्रमाण 2:1 च्या आसपास, थोडं लवचीक असतं. पुरावा धुनेतच आहे. एका ठोक्यात तीन समान स्वरांचे गुच्छ मधूनमधून येतात आणि ते या झोक्यातच सहज बसतात. काही पुस्तकांत स्वर सरळ समान छापलेले असतात, तरी वाजवताना झोका द्यायचाच.

आणखी एक, वेगाबद्दल. जलद म्हणजे उत्तम, असं नव्हे! स्पर्धेतले वरच्या पातळीचे नर्तक उलट संथ लय मागतात, मिनिटाला साधारण 113 ठोके. कारण कडक तळाच्या बुटांचे जास्तीत जास्त आघात त्यांना ठोक्यांच्या मधल्या जागेत बसवायचे असतात. ती जागा वादकाने खाल्ली, तर पाय कुठे पडणार? चार मात्रांच्या प्रत्येक आवर्तनात पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर वजन द्या. आठ आवर्तनांच्या भागाअखेरचे तीन ठसठशीत स्वर तर अजिबात घाईने उरकू नका, नर्तक त्यांच्यावरच उतरतो.